ताटातलं पाणी

सुशीलनं फोन काउंटरवर ठेवला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. काय काय विचारायचं ते घरून कागदावर लिहून आणलं होतं, पण चार लोकांसमोर तो कागद खिशातून काढायची लाज वाटत होती.

"देखिए काका," तो म्हणाला आणि त्यानं अंगठ्यानं फोनचा वरचा पल्ला सरकवला. खालून आकड्यांची बटणं बाहेर आली. "स्लायडर है. दो मेगापिक्सेल कॅमेरा. इस दाम में इससे अच्छा फोटो कोई नहीं खींचेगा."

सुशीलचे वडील माझ्याबरोबर रेल्वेत होते. त्याची आई घरी अजून मराठीच बोलते. सुशीलला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत सांगतो, आमचं बरं चालतं.

"पण चांगला आहे ना?" मी विचारलं. कागदावर अकरा प्रश्न होते. हा त्यांच्यात नव्हता.

"अब मैं तो दुकानदार हूँ काका, अच्छा ही बोलूँगा," तो हसला. "ये काउंटर का पीस है. आप ले जाइए, चार दिन घर में चलाके देखिए, फिर बोलिए. आप पर भरोसा है."

फोन माझ्यासाठी नव्हता. माझ्या शेजारी कुसुम उभी होती आणि तिच्या मागे तिची मुलगी अनुश्री. रायपूरच्या गुढ़ियारी वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. नवरा गेल्यापासून कुसुम जवळच्या उरला या औद्योगिक भागातल्या कामगारांना जेवणाचे डबे देते. माझी पत्नी प्रमोदिनी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून माझाही डबा कुसुमकडूनच येतो. अनुश्री वीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. मायलेकींची हातांची एक भाषा आहे, घरातल्या घरात तयार झालेली. तिच्यात माझं नाव म्हणजे दोन तळवे जोडून पुस्तकासारखे उघडायचे.

नागपूरच्या एका संस्थेत बहिऱ्या मुलींसाठी मशीनवरच्या कशिद्याचा एक वर्षाचा वर्ग होता. राहणं-जेवण तिथंच. त्यात अनुश्रीचं नाव लागलं होतं. कुसुमला वाचता येत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं होतं. हो की नाही ते उत्तर सोमवारपर्यंत टपालात टाकायचं होतं.

अनुश्रीनं पत्र ऐकलं नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहूनच ती उठली आणि पेटीतले कपडे काढायला लागली. कुसुम जागची हलली नाही.

"दुसऱ्याच्या पोरी जातेत तं फोनवर बोलतेत," ती मला म्हणाली होती. "मी इले हाक मारू शकत नाही. हे पोट्टी मले लिहून पाठवन तं मले वाचता येत नाही. डोळ्याआड झाली का संपलं, काका."

"तिथल्या वॉर्डनबाई फोनवर सांगतील की."

"त्या म्हणतीन बरी आहे. त्या सगळ्यायच्या आयांले तेच सांगत असतीन. मले तिच्याकडून पायजे."

तेव्हा मी म्हणून गेलो की हल्ली फोनमधून फोटोही पाठवता येतात. ती रोज फोटो पाठवील, तू बघशील. कल्पना माझी, म्हणून जबाबदारीही माझी झाली. "काका पाहून सांगतीन," कुसुम सगळ्या गल्लीत सांगून मोकळी झाली. "काका म्हणतीन चालन, तं धाडीन. नाही म्हणतीन तं राहू दे नागपूर."

मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये फायली लावल्या. निर्णय त्या फायलींत असायचे, माझे नसायचे. एका मुलीचं एक वर्ष, कदाचित पुढची सगळीच वर्षं, माझ्या हो-नाहीवर टांगलेली, हे आठवलं की मला डबा जात नव्हता.

मी फोन घरी आणला आणि आधी त्याचं माहितीपुस्तक वाचलं. तीन वेळा. अनुश्री उंबऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्या वाचनानंतर तिनं कपाळाला हात लावला. त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच.

मग मी वही घेतली आणि तपासणी सुरू केली. पल्ला दोनशे वेळा उघडून मिटला, दर दहाला एक रेघ मारत. ढिला पडला नाही. उन्हात अंगणात नेला तर पडदा काळा दिसायचा. सावलीत ठीक होता. माझ्या टेबलावरच्या कादंबरीच्या पानाचा फोटो काढला. दिवसा खिडकीपाशी अनुस्वारसुद्धा सुटे दिसले, त्याचा मला फार आनंद झाला. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तेच पान धुरकट आलं. बटण दाबल्यावर दोन अंक मोजेपर्यंत हात हलवायचा नाही, हे मला सहाव्या फोटोला कळलं. भात निळसर येतो. माणसांचे फोटो मी काढले नाहीत, कोणाला थांबा म्हणायचा मला संकोच वाटतो.

बहिऱ्या मुलीला घंटेचा काय उपयोग, म्हणून फोनची थरथर पाहणं महत्त्वाचं होतं. उशीखाली फोन ठेवून मी डोकं टेकलं आणि कुसुमला माझ्या घरच्या फोनवरून नंबर फिरवायला सांगितलं. दात वाजले. वहीत लिहिलं: थरथर, उत्तम.

शेवटी अनुश्रीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. डोळे मिटले, फोन गालाला लावला आणि अंगठ्यानं पल्ला सरकवला. मला खट् असा आवाज ऐकू आला. तिला तो हाडात लागला असावा, कारण ती हसली. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा हसली. मग तिनं फोन माझ्या गालाला लावला आणि 'बघा' असं भुवयांनी सांगितलं.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही.

फोटो पाठवता येतात, पण त्यांतून बोलायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता. मी दोन रात्री विचार करून एक तक्ता केला. वीस चित्रं आणि प्रत्येकापुढं अर्थ. दाराशी काढलेल्या चपला: पोचले. अंथरूण: झोपते. औषधाची बाटली: बरं नाही. कशिद्याची चौकट: वर्ग चालू. स्वच्छ रिकामं ताट: जेवण झालं. चित्रं मला बेताचीच येतात, तरी ताट बऱ्यापैकी गोल आलं होतं.

कुसुम पोळ्या लाटत होती तेव्हा तिच्यासमोर बसून मी एकेक चित्र समजावलं. ती लाटणं न थांबवता प्रत्येकाला "हव काका, हव काका" म्हणत गेली. ताटाच्या चित्राशी तिचं लाटणं जरा थबकलं होतं. मला वाटलं, पोळी चिकटली.

शुक्रवारी रंगीत तालीम ठरली. अनुश्रीनं फोन आणि तक्त्याची नक्कल घेऊन शहराच्या टोकाला भनपुरीला मावशीकडे, विनोदिनीकडे, जायचं आणि तिथून फोटो पाठवायचे. ते माझ्या फोनवर येणार होते. माझा फोन पुण्याच्या भाच्यानं दिलेला. पडदा रंगीत, कॅमेरा नावापुरता. त्यावर मला फक्त कंपनीचे मेसेज येतात. सुशीलनं दोन्ही फोनांत फोटो पाठवण्याची सोय करून दिली होती आणि "जाते-जाते फोटो थोडा छोटा हो जाता है" असंही बजावलं होतं.

अकरा वाजता माझा फोन थरथरला. चपला. अगदी नीट दिसल्या, डाव्या चपलेचा तुटलेला बंदसुद्धा. मी फोन घेऊन धावलो.

"पोचली," कुसुम म्हणाली. पडद्यावर बोट ठेवून तिनं तो बंद चाचपला. "शिवून घे म्हटलं होतं पोट्टीले."

मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन वहीत 'शिफारस करण्यास हरकत नाही' असं लिहिलं, पेन्सिलीनं.

दोन वाजता दुसरा फोटो आला. ताट. स्टीलचं, लखलखीत, मधोमध ठेवलेलं. तक्त्यातल्यापेक्षाही गोल. मी तो कुसुमला दाखवला आणि ती काय म्हणते ते ऐकायला थांबलो.

 तिनं गॅस बंद केला, पदर खोचला आणि चपला घातल्या.

"काय झालं?"

"दोन वाजले. पोरीपुढं कोरडं ताट ठेवलं माझ्या बहिणीनं. एक दिवस नाही सांभाळलं. चला काका."

"अगं, पण त्याचा अर्थ..."

"मले दिसून राहिलं ना काय अर्थ आहे ते!"

रिक्षात मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा समोरून ट्रक आला आणि माझा आवाज त्यात गेला. तसा तो मोठा नसतोच.

विनोदिनी दारातच होती. "या, या. सकाळी पोरगी आली अन् मागून तपासणी आली."

"अनूले जेवायले काहून नाही दिलं?"

"काय?"

"ताट कोरडं काहून आहे तिचं?"

"अवं, तीन पोळ्या खाल्ल्या तुह्या पोट्टीनं! भाजी दोनदा घेतली. वरून उरलेलं वरण पेल्यानं पेली. अन् जेवली का लगेच ताट घेऊन नळावर गेली, घासलं, पुसलं, अन् काढत बसली फोटो. मी म्हटलं, बाई, माझ्या भांड्याचा फोटो काय काढते, विकायचं आहे का?"

"खोटं नको बोलू, विनोदिनी."

"मी खोटं बोलते? रायपूर राजधानी झाली तं तू मोठी साहेबीण झाली का, चौकशीले आली?"

दोघींच्या मध्ये मी तो फोटो हातात धरून उभा होतो. "चूक माझी आहे," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो. मग खिशातला तक्ता काढून उलगडला आणि दोघींच्या मध्ये धरला, तेव्हा त्या थांबल्या.

"मीच लिहिलं आहे हे. स्वच्छ रिकामं ताट, म्हणजे जेवण झालं. तिनं माझं ऐकलं."

विनोदिनीनं चित्राकडे पाहिलं. "कोरडं ताट म्हणजे जेवण झालं? कोणाच्या घरी?"

माझ्या घरी. प्रमोदिनीला ताटात हात धुतलेला खपत नसे. जेवण झालं की उठायचं, मोरीवर हात धुवायचे आणि ताट लगेच उचलायचं. चाळीस वर्षं मी तसंच केलं. पण या दोघी बहिणी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. त्यांच्याकडे जेवणारा जागेवरच ताटात हात धुतो. ताटात पाणी पडलं की जेवण संपलं, पोट भरलं. कोरडं ताट म्हणजे अजून वाढलंच नाही. हे मी गेली सहा वर्षं भिंतीपलीकडून पाहत होतो आणि प्रत्येक वेळी मनात नाक मुरडत होतो. तक्ता करताना मात्र आठवलं नाही.

"पण मी समजावत होतो तेव्हा बोलली का नाहीस?" मी कुसुमला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "तुमी एवढं लिहून आणलं. चित्रं काढली. तुमाले कसं म्हणू का चुकलं म्हणून? मले वाटलं, मी ध्यानात ठेवीन. पण ताट दिसलं अन् माझ्या ध्यानातलं सगळं गेलं."

मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटलं. मी नीट विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, मी वाचून दाखवलं होतं. आता ही बाई मुलीला कशी पाठवेल? परक्या गावी, परक्या ताटात, माझ्यासारख्या माणसाच्या भरवशावर?

अनुश्री एवढा वेळ एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिनं माझ्या हातातला तक्ता घेतला, ताटाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि आईकडे पाहिलं. कुसुमनं मान हलवली: नाही. मग रिकाम्या तळहातावर तिनं दुसऱ्या हाताची बोटं चोळली, हात धुतल्यासारखी.

पोरीनं डोळे मोठे केले. माझ्याकडे बघून पुन्हा एकदा कपाळाला हात लावला. आत जाऊन तेच ताट आणलं, फरशीवर ठेवलं, तांब्यानं पाणी घेऊन त्यात उजवा हात धुतला. हात पुसून फोन उघडला. खट्. दोन अंक मोजेपर्यंत हलली नाही. हे मात्र तिनं माझ्याकडून घेतलं होतं.

थोड्या वेळानं माझ्या हातातला फोन थरथरला.

पडदा दोन इंचांचा. वाटेत फोटो लहान झालेला. स्टीलच्या ताटात पाणी असलं काय, नसलं काय, दिसणार कसं, याची मला धास्ती होती. पण ताटाच्या एका बाजूला पाण्याची कड दिसत होती, तिच्यात खिडकीचा चौकोन वाकडा होऊन पडला होता, आणि तळाशी वांग्याच्या भाजीच्या तेलाचा एक पिवळा ठिपका तरंगत होता.

कुसुमनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हात धुतला तिनं," ती म्हणाली. "जेवली."

मुलगी समोर उभी होती. तरी ती फोटोकडे पाहून म्हणाली.

मी वही काढली. तपासणी पुरी करायची म्हणून माझ्या फोननं त्याच ताटाचा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी धरले. माझ्या फोटोत नुसता राखाडी गोळा होता, पाणी नव्हतं. सगळ्या तपासणीत एवढं एकच मी नक्की सांगू शकत होतो: या फोनला पाणी दिसतं. पल्ला, ऊन, अनुस्वार, बाकी सगळं सोडून द्या.

तेवढ्यात विनोदिनीनं आम्हा दोघांना बसवलं आणि पोळ्या वाढल्या. जेवून झाल्यावर मी सवयीनं मोरीकडे निघालो, तर ती म्हणाली, "बसा ना भाऊजी, जागेवरच धुवा." मी हसून मोरीवरच गेलो. इतक्या वर्षांचं एकदम सुटत नाही.

परतीच्या रिक्षात अनुश्री मध्ये बसली होती. कुसुमनं काय ठरवलं ते मी विचारायला धजलो नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर ती म्हणाली, "काका, पत्राचं उत्तर लिहा. हो म्हणून."

"नक्की? आज माझ्यामुळे एवढा घोळ..."

"घोळ झाला म्हणून तं कळलं मले का अनू घोळ निस्तरू शकते."

मी रात्री उत्तर लिहिलं, सकाळी टाकलं आणि टपालपेटीत हात घालून ते परत काढता येईल का हे दोन वेळा बघितलं.

सोमवारी सुशीलनं काउंटरचा पीस घेऊन नवा खोका दिला. "कैसा लगा काका?" त्यानं विचारलं. मी वही पुढं केली. त्यानं एक पान वाचलं आणि म्हणाला, "इतना तो कंपनीवालों ने भी नहीं देखा होगा." तो थट्टा करत होता की कौतुक, कळलं नाही. मी माझा फोन कुसुमला देऊन टाकला. मला घरचा फोन पुरे होता, आणि त्यावरही कोणी करत नाही.

अनुश्री पंधरा दिवसांनी सकाळच्या गाडीनं गेली. वॉर्डनबाई नागपूर स्टेशनवर घ्यायला येणार होत्या. दुपारी चपलांचा फोटो आला. बंद शिवलेला होता.

संध्याकाळी आठच्या सुमारास कुसुम फोन हातात धरून माझ्याकडे आली. माझा डबा टेबलावर तसाच होता. त्या दिवशी मला भूक नव्हती. उगाच सगळी चित्रं डोळ्यांसमोर येत होती, त्यातलं औषधाच्या बाटलीचं जास्त.

"आला," ती म्हणाली. ट्यूबलाइटखाली काढलेला, धुरकट, निळसर फोटो. कप्प्याकप्प्यांचं हॉस्टेलचं ताट. पण सगळ्यांत मोठ्या कप्प्यात पाणी होतं, ट्यूबलाइटची पांढरी काडी त्यात मोडून पडली होती. आम्ही दोघांनी ती काडी बराच वेळ पाहिली.

"आता तिले कसं सांगू का मी जेवली? ह्या फोनले पाणी दिसत नाही ना?"

 हे माझ्या तपासणीत राहूनच गेलं होतं. फोटो तिकडून यायचा तसा इकडून जायलाही हवा होता, आणि मी तिच्या हातात आंधळा फोन दिला होता.

कुसुम घरून स्वतःचं ताट आणि तांब्या घेऊन आली. "मी हात धुते, तुमी बटण दाबा." तिनं ताटात हात धरला, वरून पाणी सोडलं. मी बटण दाबलं. फोटोत पाणी आलं नाही. पण हात आला, ओला, बोटं एकमेकांवर चोळणारा, मनगटावर तव्याचा डाग असलेला. कोणालाही कळावं असा. पाठवला.

म्हणजे साध्या फोननंही काम झालं असतं की काय? मी उगाच तिला एवढा फोन घ्यायला लावला? हा विचार पुरता व्हायच्या आत फोन पुन्हा थरथरला.

"हे काय?" कुसुम म्हणाली. "आता तं जेवली होती ना?"

पडद्यावर ताट होतं. कोरडं. घासून पुसून ठेवलेलं. त्याच्या शेजारी एक उघडं पुस्तक, दोन तळव्यांसारखी दोन्ही पानं पसरून.

कुसुम फोन तिरपा करून पाहत होती. मला मात्र तक्ता लागला नाही. सहा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते अडीचशेहून जास्त किलोमीटरवरून, एकही शब्द न वापरता.

"मला विचारते आहे," मी म्हणालो. "काका जेवले का."

कुसुमनं टेबलावरच्या बंद डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तं काय सांगू तिले?"

मी डबा उघडला आणि ताटात वाढून घेतलं. ती दाराशी उभी राहिली, फोन हातात धरून, माझं जेवण होईपर्यंत. दोन पोळ्या, वरण, मेथीची भाजी, सगळं संपवलं. मग उठायला लागलो आणि परत बसलो. भिंतीवरच्या प्रमोदिनीच्या फोटोकडे न बघता ताटात हात धरला आणि कुसुमला म्हणालो, "पाणी घाल. आणि बटण दाबल्यावर दोन मोजेपर्यंत हलू नकोस."